'मुलींचा गट नाही!'



गेल्या महिन्यातली गोष्ट आहे. आमच्या गल्लीतली आठवीतली एक मुलगी रडवेल्या तोंडाने घरी आली. सोलापुरातल्याच एका मंडळाने धावण्याच्या आणि लांब उडीच्या स्पर्धा ठेवल्या होत्या. पोरगी दोन महिने रोज पहाटे मैदानावर जात होती. नाव द्यायला गेली तर टेबलामागे बसलेल्या कार्यकर्त्याने सांगितले, "मुलींचा गट नाही. मुलींची नावंच येत नाहीत, मग गट कुणासाठी ठेवायचा?"

तिची आई विड्या वळते. सुपातून मान वर न करताच ती म्हणाली, "जाऊ दे बाळ, आपल्याला कुठं ढाली-कप मिळवायचेत?" पोरगी गप्प बसली. मी मात्र घरी येऊन रात्रभर विचार करीत राहिले. नावे येत नाहीत म्हणून गट नाही, की गट नाही म्हणून नावे येत नाहीत?

भगिनींनो, हाच प्रश्न एका मुलीने विचारला होता. ती आपल्या देशातली नव्हे, सातासमुद्रापलीकडच्या बर्फाच्या मुलखातली. तिचे नाव सारा बर्क. कॅनडा देशातली ही मुलगी ज्या खेळात जगज्जेती झाली, त्या खेळाचे नावही आपल्याकडे फारसे कुणी ऐकलेले नसेल. पण तिची कहाणी ऐकाल तर ती आपल्याच गल्लीतली वाटेल.

बर्फाच्या नळीतला खेळ

आधी हा खेळ काय आहे ते समजून घेऊ. आपण सोलापूरकर. बर्फ म्हटले की आपल्याला रसवंतीवरची गोणपाटात गुंडाळलेली लादी आठवते. पण जगात असे प्रदेश आहेत की जिथे चार-पाच महिने डोंगर बर्फाखाली असतात. तिथली माणसे दोन्ही पायांना लांब, अरुंद फळ्या बांधून उतारावरून घसरत जातात. या फळ्यांना स्की म्हणतात आणि त्या खेळाला स्कीइंग.

त्याचाच एक प्रकार म्हणजे हाफपाइप. गटारीच्या कामासाठी रस्त्यावर सिमेंटचे मोठमोठे नळे आणून टाकतात, ते तुम्ही पाहिले असतील. तसला एक प्रचंड नळा लांबीत मधोमध चिरला आणि त्याचा अर्धा भाग उताणा ठेवला तर जो आकार होईल, तो डोंगराच्या उतारावर बर्फात कोरून काढतात. मोठ्या स्पर्धांमध्ये त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती २२ फूट उंच असतात. म्हणजे आपल्याकडचे दोन मजली घरच म्हणा. खेळाडू एका भिंतीवरून वेगाने खाली येतो, समोरच्या भिंतीवर चढतो, तिच्या काठावरून हवेत उसळतो, हवेतच गिरक्या आणि कोलांट्या घेतो आणि पुन्हा त्याच भिंतीवर उतरून दुसऱ्या बाजूला जातो. असे करत करत तो नळीच्या शेवटापर्यंत पोहोचतो. उडी किती उंच, गिरकी किती अवघड, उतरणे किती सफाईचे, हे पाहून पंच शंभरपैकी गुण देतात.

गावाकडच्या विहिरीत काठावरून सूर मारणारी, हवेत कोलांटी घेणारी पोरे आपण पाहिली आहेत. त्यांना खाली पाणी झेलते. इथे खाली असतो दगडासारखा घट्ट झालेला बर्फ. एवढे सांगितले म्हणजे या खेळात काय जोखीम आहे ते लक्षात येईल.

टेबलामागचे उत्तर सगळीकडे सारखेच

साराचा जन्म ३ सप्टेंबर १९८२ रोजी कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील बॅरी या गावी झाला. मिडलंड नावाच्या लहानशा गावात ती वाढली. आधी ती बर्फातल्या उंचवट्यांवरून उतरण्याच्या शर्यतीत भाग घेत असे. पुढे हवेत उड्या मारण्याच्या या नव्या प्रकाराकडे ती वळली आणि तिथेच तिला अडवणारे टेबल भेटले.

त्या काळी हा मुलांचा खेळ समजला जाई. मुलींसाठी बहुतेक ठिकाणी स्पर्धाच नव्हती. 'मुलींचा गट नाही' हे आपल्या गल्लीतल्या पोरीला मिळालेले उत्तर तिथेही तयारच होते. साराने काय करावे? ती घरी परत गेली नाही. मुलींचा गट नाही ना, मग मी मुलांच्या गटात उतरते, असे म्हणून ती मुलांबरोबरच उतरू लागली. तिथे ती पहिली येणार नव्हती, हे तिलाही ठाऊक होते. पण मुलगी ही नळी उतरू शकते हे लोकांच्या डोळ्यांना दिसले पाहिजे, एवढाच तिचा हेतू होता. ज्या गोष्टीला लोक 'होणारच नाही' म्हणतात, ती एकदा डोळ्यांदेखत घडली की मग त्यांना निदान दुसरे कारण तरी शोधावे लागते.

त्याचबरोबर ती आयोजकांच्या मागे लागली. आमच्यासाठी गट ठेवा, हा तिचा लकडा वर्षानुवर्षे चालू होता. अमेरिकेत एक्स गेम्स नावाची मोठी स्पर्धा दरवर्षी भरते. तिथे पुरुषांसाठी स्कीची हाफपाइप स्पर्धा २००२ मध्ये सुरू झाली. स्त्रियांना तेच दार उघडायला २००५ साल उजाडले. त्याच वर्षी फिनलंडमधील रुका येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. स्त्रियांच्या हाफपाइपचे ते पहिलेच जागतिक अजिंक्यपद आणि ते जिंकले साराने. तेव्हा ती बावीस वर्षांची होती.

मग तिने मागे वळून पाहिले नाही. एक्स गेम्समध्ये २००७, २००८, २००९ आणि २०११ अशी चार सुवर्णपदके तिने मिळवली. हवेत दोन फेऱ्या, मग अडीच, मग पूर्ण तीन फेऱ्या घेऊन स्पर्धेत पायांवर उतरणारी ती पहिली स्त्री ठरली. तीन फेऱ्यांना त्या खेळात 'दहा-ऐंशी' म्हणतात, कारण एका फेरीचे ३६० अंश आणि तीन फेऱ्यांचे १०८०. शाळेत जाणाऱ्या मुलांना हे गणित जरूर करायला सांगा.

साराची मोठी गोष्ट मला वेगळीच वाटते. जी एकटी पुढे गेली, तिला आपण एकटीच पुढे आहोत याचा आनंद वाटला नाही. व्हिसलर येथील उन्हाळी शिबिरात ती लहान मुलींना शिकवी. ज्या मुली पुढे तिच्याविरुद्ध उभ्या राहतील, तिची पदके घेतील, त्यांनाच ती तयार करीत होती. कारण तिने एक गोष्ट नीट ओळखली होती. एका मुलीसाठी कुणी गट ठेवत नाही. दहा मुली रांगेत उभ्या राहिल्या की 'नावेच येत नाहीत' म्हणणाऱ्याला वही उघडावी लागते.

तिला दुखापतीही झाल्या. स्कीच्या आणखी एका प्रकारात, ज्याला स्लोपस्टाइल म्हणतात, स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून ती भांडली. २००९ साली एक्स गेम्समध्ये तो प्रवेश मिळाला आणि त्याच स्पर्धेत पडून तिच्या पाठीचा मणका मोडला. दुसरी एखादी म्हणाली असती, कशाला ही उठाठेव केली? सारा बरी झाली आणि पुन्हा उभी राहिली. २०११ चे सुवर्णपदक तिने या दुखापतीनंतर मिळवले आहे, हे ध्यानात ठेवा.

ऑलिम्पिकचे बंद दार

आता राहिले ऑलिम्पिक. बर्फावरचे खेळ दर चार वर्षांनी हिवाळी ऑलिम्पिकमध्ये होतात. तिथे एका रुंद फळीवर उभे राहून खेळायचा हाफपाइप १९९८ पासून होता, पण दोन स्कींवरचा नव्हता. ना पुरुषांना, ना स्त्रियांना. तो घ्यावा, आणि घ्यायचाच तर दोघांसाठी एकाच वेळी घ्यावा, असा साराचा आणि तिच्या सोबत्यांचा आग्रह होता. हा 'एकाच वेळी' शब्द फार महत्त्वाचा आहे. नाहीतर पुरुष आधी आत जातात आणि स्त्रियांना 'पुढच्या वेळी बघू' असे सांगितले जाते.

असे खरेच घडले आहे. बर्फाच्या उंच घसरगुंडीवरून झेप घेण्याचा एक खेळ आहे, स्की जंपिंग. पुरुषांसाठी तो १९२४ च्या पहिल्या हिवाळी ऑलिम्पिकपासून आहे. स्त्रियांना मात्र तो बंद. २०१० चे हिवाळी ऑलिम्पिक कॅनडातील व्हँकुव्हरला होते. तेव्हा काही महिला खेळाडू तिथल्या न्यायालयात गेल्या. ऑलिम्पिकवाल्यांचे म्हणणे काय, तर या खेळात वरच्या दर्जाच्या पुरेशा स्त्रिया नाहीत! आणि गंमत पाहा, व्हँकुव्हरसाठी बांधलेल्या त्या लहान टेकडीवरचा सर्वांत लांब झेपेचा विक्रम तेव्हा लिंडसी व्हॅन या अमेरिकन मुलीच्या नावावर होता. तिच्याइतकी लांब झेप तोवर तिथे कुणा पुरुषानेही घेतली नव्हती. २००९ मध्ये निकाल लागला. न्यायाधीशांनी मान्य केले की या स्त्रियांशी भेदभाव होतो आहे. पण खेळ ठरवण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय समितीचा असल्यामुळे येथील आयोजकांना आदेश देता येत नाही, असेही सांगितले. अन्याय आहे, पण इलाज नाही! असे निकाल ऐकण्याची सवय आपल्याला आहे.

तरीही लढा वाया गेला नाही. ६ एप्रिल २०११ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने जाहीर केले की रशियातील सोची येथे २०१४ मध्ये होणाऱ्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्कीचा हाफपाइप असेल, पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठीही. महिलांच्या स्की जंपिंगलाही त्याच दिवशी मान्यता मिळाली. पुरुषांनंतर तब्बल नव्वद वर्षांनी स्त्रिया त्या टेकडीवर उभ्या राहणार होत्या.

सारा तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. सोचीत सुवर्णपदक कोण घेणार असे त्या खेळातल्या कुणालाही विचारले असते, तर बहुतेकांनी तिचेच नाव घेतले असते.

दार उघडले, पण...

१० जानेवारी २०१२. अमेरिकेतील युटा राज्यात पार्क सिटी येथे सारा सराव करीत होती. शंभर वेळा घेतलेली उडी. ती उतरली, तोल गेला आणि ती आदळली. डोक्यावर हेल्मेट होते. बाहेरून पाहणाऱ्यांना ते पडणे फार भयंकरही वाटले नाही. पण मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी एक रक्तवाहिनी फाटली होती. तिचे हृदय थांबले. ते पुन्हा चालू करण्यात आले आणि तिला सॉल्ट लेक सिटी येथील रुग्णालयात नेण्यात आले. परंतु मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने झालेली हानी भरून येणारी नव्हती. नऊ दिवसांनी, १९ जानेवारी रोजी तिचे निधन झाले. वय अवघे एकोणतीस. जाताना तिचे अवयव दुसऱ्यांना देण्यात आले. तिची तशी इच्छा होती.

आता यापुढची गोष्ट माझ्या कामगार बंधू-भगिनींनी नीट वाचावी. कॅनडाच्या खेळाडूंना त्यांच्या संघटनेचे विम्याचे कवच असते. पण ते संघटनेने मान्य केलेल्या स्पर्धा आणि सरावापुरते. सारा पडली तो सराव एका प्रायोजक कंपनीच्या कार्यक्रमातला होता. तो त्या कवचात बसत नव्हता. अमेरिकेत दवाखान्याचा खर्च किती प्रचंड असतो ते आपण ऐकून आहोत. चार वेळा सुवर्णपदक मिळवलेली मुलगी गेली आणि दुःखात बुडालेल्या घरापुढे लाखो डॉलरचे बिल उभे राहिले. तेव्हा लोकच धावून आले. तिच्या ओळखीचे, बिनओळखीचे, कुणी पाच डॉलर, कुणी पन्नास, अशी थोड्याच दिवसांत तीन लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. पुढे तिच्या नावाने एक संस्था उभी राहिली. होतकरू खेळाडूंना शिष्यवृत्ती देण्याचे काम ती करू लागली.

लोकांची माणुसकी मोठीच. पण मला वाटते, जिथे विमा असायला हवा होता तिथे वर्गणी काढावी लागली, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. साहस करणाऱ्याने पोटापाण्याचा आणि घरच्यांचा विचार आधी करावा, एवढा धडा त्यातून घ्यायला हवा. आपल्यापैकी कितीजण विना कवच काम करतात! बांधकामावर उंच परांचीवर चढणारा, मागावर रात्रपाळी करणारा, मोटरसायकलवरून माल पोचवणारा. काल नीट उतरलो म्हणून आजही उतरू, या भरवशावर आपण जगतो. केंद्र सरकारच्या सुरक्षा विमा योजनेचा हप्ता जून २०२२ पासून वर्षाला २० रुपये झाला. बँकेत खाते असलेल्या १८ ते ७० वयाच्या माणसाचा अपघाती मृत्यू झाला किंवा त्याला पूर्ण अपंगत्व आले, तर तीत दोन लाख रुपये मिळतात. आपल्या खात्यातून तो हप्ता कापला जातो की नाही, हे पासबुक भरून घेताना एकदा विचारा.

सोचीचा दिवस

२० फेब्रुवारी २०१४. सोचीच्या डोंगरात रात्रीच्या दिव्यांच्या उजेडात स्त्रियांची स्की हाफपाइप स्पर्धा ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा झाली. जिने हे दार ठोठावले, ती तिथे नव्हती. तिच्या आठवणीसाठी हेल्मेटवर तिच्या नावाचे चिकटपत्र लावू द्या, अशी खेळाडूंनी विनंती केली होती. ऑलिम्पिक समितीने ती मान्य केली नाही. नियमात बसत नव्हते म्हणे. पण आठवणीला कुणाच्या परवानगीची गरज असते का? कॅनडाचे प्रशिक्षक ट्रेनन पेंटर यांनी तिच्या रक्षेचा काही अंश सोबत आणला होता. तो त्यांनी त्याच नळीच्या बर्फात मिसळला. ज्या जागेसाठी ती झगडली, त्या जागेवर ती अशी पोहोचली.

त्या रात्री सुवर्णपदक अमेरिकेच्या मॅडी बोमनने घेतले. ८९ गुण मिळवून. जपानच्या आयाना ओनोझुकाला कांस्यपदक मिळाले. पण मला सांगायचे आहे ते रौप्यपदक घेणाऱ्या फ्रान्सच्या मारी मार्तिनोद हिच्याविषयी. ही साराच्याच पिढीतली खेळाडू. तिने खेळ सोडला होता. संसार होता, लहान मुलगी होती. आपल्याकडे म्हणतात ना, लेकरू झाले की बाईचा खेळ संपला. तसेच तिचेही झाले असते. परंतु सारा स्वतः तिला भेटायला गेली होती आणि तिने आग्रह केला होता, ऑलिम्पिक येते आहे, तू परत ये. सारा गेल्यानंतर मारीने तो शब्द मनावर घेतला. ती पुन्हा बर्फावर उतरली आणि लेकीची आई असताना ऑलिम्पिकचे पदक घेऊन गेली. चार वर्षांनी, २०१८ मध्ये दक्षिण कोरियात तिने पुन्हा रौप्यपदक मिळवले. त्या वेळी सुवर्णपदक कॅनडाच्या कॅसी शार्पला मिळाले आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ते चीनच्या आयलीन गू हिने घेतले. अठरा वर्षांची ही पोर.

म्हणजे पाहा, कॅनडा, फ्रान्स, अमेरिका, जपान, चीन. ज्या खेळात 'मुलींची नावेच येत नाहीत' असे म्हणत होते, तिथे जगभरातून नावे आली. गट ठेवल्यावर आली, आधी नाही. मी रात्रभर ज्या प्रश्नाचा विचार करीत होते, त्याचे उत्तर मला इथे सापडले.

आपल्या अंगणात

कुणी म्हणेल, बर्फातल्या या गोष्टी आपल्याला कशाला? आपल्या अंगणात खो-खो आहे ना! तोही ऑलिम्पिकमध्ये नाही. आपल्या शेजारच्या धाराशिवची सारिका काळे हलाखीतून वर आली, भारतीय महिला संघाची कर्णधार झाली, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या संघाने सुवर्णपदक मिळवले आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो पुरुषांचा आधी आणि स्त्रियांचा नंतर असा नव्हता. दोघांचा एकाच वेळी झाला. प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. आपल्या मातीतल्या मैदानावर अनवाणी पळणाऱ्या पोरींना आता एवढा मोठा रस्ता दिसतो आहे.

म्हणून मी त्या आठवीतल्या मुलीच्या घरी पुन्हा गेले. तिला आणि तिच्या आईला साराची ही सगळी गोष्ट सांगितली. आईचे हात विडीवर चालूच होते, पण या वेळी ती ऐकत होती. गोष्ट संपल्यावर तिने एकच विचारले, "त्या पोरीच्या आईनं कसं सोसलं असंल हो बाई?" यावर मी काय उत्तर देणार? थोडा वेळ आम्ही दोघी गप्प बसलो. मग तीच आपल्या लेकीला म्हणाली, "तुझ्या वर्गातल्या अजून कोण कोण पळतात गं?"

पोरीने बोटांवर मोजून सहा नावे सांगितली. आम्ही तिथेच वहीचा कागद फाडून अर्ज लिहिला, मुलींचा गट ठेवावा म्हणून. खाली सात सह्या. मंडळाकडे तो नेऊन दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोचही घेतली. या वर्षीची स्पर्धा तर होऊन गेली. पुढच्या वर्षी काय होते ते पाहू.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी मुलगी असेल. ती एकटी असेल तर तिला सोबतिणी मिळवून द्या. टेबलामागच्या माणसाशी भांडायची गरज नाही. त्याच्यासमोर नावांचा कागद ठेवा, म्हणजे त्याला म्हणायला काही उरणार नाही.